सीए शोधतेयस ते बरं केलंस

चि. सोनू,

काल फोनवर म्हणालीस, मसाल्याच्या ऑर्डरी आता हैदराबादहून पण यायला लागल्यात. लय बरं वाटलं. एरवी माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, पण परराज्यात माल पाठवायचा तर पहिल्या बिलापासूनच लागतो, म्हणून सीए आत्ताच बघ.

आपल्या दुकानाचं काय झालं ते तू हॉस्टेलला होतीस म्हणून तुला नीट सांगितलंच नाही. जो माणूस रिटर्न भरायचा त्याने जीएसटीच्या पोर्टलवर स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकला होता, ओटीपी त्याच्याकडे, नोटिसा पण त्याच्याकडेच, आणि मी दर महिन्याला पैसे देऊन निवांत. मग एक दिवस आपले जुने कॉन्ट्रॅक्टर दुकानात आले, काउंटरवर आपलीच तीन बिलं मांडली आणि म्हणाले, काका, ह्याचं क्रेडिट, म्हणजे तुम्हाला दिलेल्या टॅक्सची वजावट, आम्हाला दिसतच नाही. दर महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायचं विक्रीचं रिटर्न पाच महिने गेलंच नव्हतं गं! दिवसाला 50 रुपये लेट फी, टॅक्सवर 18 टक्के व्याज, ते सगळं भरलं, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही, ते अजून लागतं मनाला.

म्हणून मोबाईल, ईमेल, पासवर्ड तुझाच ठेव, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी. आणि दर महिन्याला भरलेल्या रिटर्नची पीडीएफ मागून घे, चांगला सीए त्यात राग मानत नाही.

आत्ताच्या आपल्या सीए मॅडमकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा पिशवीभर बिलं टेबलावर ओतली, त्यांनी एकेक उचलून विचारलं, हे घरचं की दुकानचं? निम्मी बिलं मशीनच्या गुळगुळीत कागदाची, पार पांढरी पडलेली, काही वाचताच येईना. तू तसली बिलं त्याच दिवशी फोटो काढून ठेवत जा. सीएची फी किती आणि त्यात काय काय येतं, नोटीस आली तर वेगळे पैसे का, हे आधीच बोलून घे, लाजू नकोस. गिरणीचं नवं मशीन घ्यायचं म्हणतेस ना, ते घेण्याआधी सीएला विचार, घेतल्यावर नाही. आणि रोखीचं काही लपवू नकोस सीएपासून, अर्धवट सांगितलं तर सीए तरी काय करणार.

शनिवारी मी येतोय, दोघं मिळून दोन-तीन जणांना भेटू. तोवर एप्रिलपासूनची बिलं फाईलला लावून ठेव.

तुझे बाबा