बंद पडलेल्या मोटारीचे दार आतून उघडते, हे सांगायचे कोणी?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी साडेबाराच्या सुमारास, नागपूरच्या धंतोलीतील एका गल्लीत मी आमच्याच मोटारीत अकरा मिनिटे कोंडला गेलो होतो. त्या अकरा मिनिटांत जी गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती मोटार बाळगणाऱ्या माझ्या परिचयातील बहुतेकांनाही ठाऊक नाही, असे नंतर चौकशी करता लक्षात आले. म्हणून हे पत्र.

घडले ते असे. डॉक्टरांकडून निघाल्यावर मुलगा औषधे आणायला उतरला. धंतोलीत गाडी उभी करायला जागा मिळाली की ती सोडवत नाही, त्यामुळे एसी सुरू ठेवून त्याने मला मागच्या सीटवरच बसायला सांगितले. माझ्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि मागे पाय लांब करून बसता येते. रस्त्यावरची वर्दळ पाहून मी जुन्या सवयीप्रमाणे पुढे वाकून चालकाच्या दारावरील बटण दाबले आणि चारही दारे बंद केली. पाच मिनिटांची पंधरा मिनिटे झाली, पेट्रोल फुकट जळताना पाहवेना, तेव्हा दोन सीटांच्या मधून हात घालून मी चावी फिरवली आणि इंजिन बंद केले. थोड्याच वेळात उकडू लागले म्हणून पुन्हा चावी फिरवली, तर गाडीने हूं की चूं केले नाही. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, काचा खाली जाईनात, हॉर्न वाजेना. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर साचून जोड सैल झाला होता, हे संध्याकाळी मेकॅनिकने दाखविले. विजेच्या खात्यात 32 वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या गाडीत सैल जोडाने हा प्रसंग आणावा, यावर घरात अजून हसणे चालू आहे.

मी माझ्या बाजूचे हँडल ओढून पाहिले. ते नुसतेच हलले, कारण चार वर्षांच्या नातीसाठी मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक, म्हणजे मुलांना आतून दार उघडता येऊ नये म्हणून असलेला खटका, लावलेले होते. मोबाइलवर मुलाला बोलावले. तो धावत आला, पण चावी आत आणि दुसरी चावी त्रिमूर्तीनगरला घरी. ‘सेंट्रल लॉक आहे, बॅटरी गेली की काही होत नाही,’ असे तो काचेबाहेरून ओरडून सांगत होता आणि मलाही ते पटत होते. त्याने काच फोडायला वीट उचललीही होती. तेवढ्यात शेजारच्या बॅटरीच्या दुकानातील एक पोरगा आला आणि काचेला तोंड लावून म्हणाला, ‘‘काकाजी, समोरच्या दरवाजाचं हँडल दोनदा ओढा नं, उघडते ते.’’ पुढच्या सीटवर जाणे माझ्या गुडघ्याला शक्य नव्हते, म्हणून काठीची वाकडी मूठ मी पुढच्या डाव्या दाराच्या हँडलमध्ये अडकवली. पहिल्या ओढीला आत ‘खट्’ असा आवाज झाला, दुसऱ्या ओढीला दार उघडले.

या प्रकाराची कारणमीमांसा मी पुढे आठवडाभर केली. सेंट्रल लॉकमध्ये वीज करते ते इतकेच, की प्रत्येक दारातील छोटी मोटर कुलपाचा खटका पुढेमागे सरकवते. दार प्रत्यक्षात अडकवून ठेवणारी कडी मात्र यांत्रिक असते आणि आपल्याकडील बहुसंख्य मोटारींत आतले हँडल एका तारेने किंवा सळईने थेट त्या कडीला जोडलेले असते. वीज गेली म्हणजे बटण निरुपयोगी होते, तार तुटत नाही. काही गाड्यांत हँडल एकदा ओढणे पुरते, काहींत दोनदा ओढावे लागते, तर काहींत हँडलशेजारचा छोटा खटका आधी बोटाने सरकवावा लागतो.

चाइल्ड लॉकची गोष्ट वेगळी. त्याचा बॅटरीशी संबंध नसतो. मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारा तो लहानसा खटका फक्त आतल्या हँडलचा कडीशी असलेला दुवा तोडतो. बाहेरचे हँडल काम करीतच राहते. आमच्या गाडीत मागच्या हँडलशेजारी कुलपाचा खटका आहे. तो मी हाताने सरकवला असता, तर चाइल्ड लॉक असूनही बाहेर उभ्या असलेल्या मुलाने बाहेरचे हँडल ओढून मला क्षणात बाहेर काढले असते. म्हणजे माझ्या दंडापासून वीतभर अंतरावर सुटकेची सोय होती, आणि मी तिला सजावट समजत होतो.

नागपूरच्या वाचकांना उन्हाचे माहात्म्य सांगायला नको. 23 मे 2013 रोजी या शहरात 47.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी वाढू शकते आणि त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. हीच उष्णता बॅटरीचेही आयुष्य खाते, कारण तिच्यातील पाणी उडते आणि शिशाच्या पट्ट्या लवकर झिजतात. म्हणजे ज्या महिन्यांत गाडीत अडकणे सर्वांत घातक, त्याच महिन्यांत बॅटरी दगा देण्याची शक्यताही वाढलेली असते. जून 2023 मध्ये पाचपावली भागात उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारीत तीन चिमुकली मुले मृतावस्थेत सापडली होती, हे आपण विसरलेलो नाही. वापरात नसलेल्या गाडीची बॅटरी संपली की रिमोट चालत नाही आणि ती उघडीच राहून जाते. अशी गाडी चावीने कुलूपबंद करणे हे मालकाचे काम आहे. रिमोटच्या पोटात लपविलेली लोखंडी चावी असते, हेही अनेकांना ठाऊक नसते, आणि काही गाड्यांत तिचे छिद्र हँडलवरील झाकणाखाली दडलेले असते.

परदेशातील एक घटना या संदर्भात मला फार बोलकी वाटते. 2015 च्या जूनमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोर्ट आर्थर येथे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीत अडकून उष्णतेने मरण पावले. बॅटरीची केबल सैल झाली होती आणि त्या गाडीची दारे विजेच्या बटणाने उघडत. वीज नसताना दार उघडण्याचा हाताचा दांडा त्या गाडीत होता. तो चालकाच्या सीटजवळ, खाली जमिनीवर होता. माझी काठी आणि तो दांडा यांच्यातील फरक म्हणजे बॅटरीच्या दुकानातील एक पोरगा, एवढाच.

आता कायद्याकडे वळतो. देशात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, ताशी 80 किलोमीटरनंतर वाजणारा इशारा आणि मागे घेतानाचे सेन्सर सक्तीचे झाले. वीज गेल्यास सेंट्रल लॉक हाताने उघडता येण्याची सोयही त्याच यादीत होती. पहिल्या चार गोष्टी स्वतःहून बोलतात, वाजतात किंवा फुगतात. पाचवी गप्प बसते, म्हणून तिची कोणी चौकशी करीत नाही. गाडी घरी नेण्याच्या दिवशी शोरूममध्ये हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि भल्या मोठ्या नकली चावीसह सहकुटुंब फोटोही काढतात. मोबाइल ब्लूटूथला कसा जोडायचा, हे समजावण्यात विक्रेत्याने आमची पंचवीस मिनिटे घेतली होती. त्यातील दोन मिनिटे तरी ‘बॅटरी गेली तर असे बाहेर या’ हे हाताने करून दाखविण्यात जावीत, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी खर्च शून्य आहे. गाडी नोंदविताना भरल्या जाणाऱ्या कागदांत ‘हे मला दाखविले’ अशा एका ओळीखाली ग्राहकाची सही घ्यावी, म्हणजे विक्रेत्यालाही टाळता येणार नाही. एमएच-31 असो, एमएच-40 असो की एमएच-49, नागपुरातील तिन्ही आरटीओ कार्यालयांना हे करण्यास अडचण नसावी. शिकाऊ परवान्याच्या चाचणीतही खुणांच्या प्रश्नांसोबत असा एक प्रश्न घालता येईल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी हे याच शहराचे खासदार आहेत, तेव्हा सुरुवात नागपुरातून व्हावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे हा विषय उद्या अधिकच महत्त्वाचा होणार आहे. चार्ज 80 टक्के आहे म्हणजे दारे उघडणारच, हा समज चुकीचा आहे. त्या गाड्यांतही कुलपे आणि काचा बहुधा 12 व्होल्टच्या वेगळ्या लहान बॅटरीवर चालतात आणि ती स्वतंत्रपणे संपू शकते. शिवाय काही नव्या गाड्यांत आतले हँडल म्हणजे निव्वळ विजेचे बटण असते आणि हाताने ओढायची तार दाराच्या कप्प्यातील चटईखाली किंवा स्पीकरच्या जाळीमागे ठेवलेली असते. चीनने तर दार आतून आणि बाहेरून यांत्रिक रीतीने उघडता आलेच पाहिजे असा नियम केला असून तो 1 जानेवारी 2027 पासून लागू होत आहे. आपल्याकडेही ही तार ठळक खुणेसह हाताशी असावी, असे स्पष्टपणे लिहिले जायला हवे.

हेडरेस्ट उपटून त्याच्या सळयांनी काच फोडण्याचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. त्या सळया त्यासाठी बनविलेल्या नसतात. समोरची काच तर दोन थरांची असल्याने फुटली तरी पडत नाही. फोडायचीच झाली तर बाजूची काच, टोकदार हातोडीने, कोपऱ्यात फोडावी. हा अखेरचा मार्ग आहे, त्याआधी हँडल ओढून पाहावे.

वाचकांनी घरी एक गोष्ट करून पाहावी. सकाळच्या थंड वेळी एकाने चावी घेऊन बाहेर उभे राहावे, दुसऱ्याने आत बसावे, बाहेरून रिमोटने कुलूप लावावे आणि आतल्याने एकेक दार हाताने उघडून पाहावे. काही परदेशी बनावटीच्या गाड्यांत रिमोटने कुलूप लावल्यावर आतली हँडले मुद्दाम निकामी होतात. आपली गाडी तशी निघाली, तर आत माणूस असताना ती बाहेरून कधीच बंद करू नये. आमच्या सोसायटीत आम्ही मागच्या रविवारी सहा गाड्या अशा तपासल्या. सहांपैकी चार मालकांनी मागच्या दारावरील खटका त्या दिवशी पहिल्यांदा हाताळला, आणि एका गृहस्थांच्या गाडीचे चाइल्ड लॉक गाडी घेतल्यापासून सुरूच असल्याचे उघडकीस आले. त्यांच्या घरात लहान मूल नाही, मागे बसते ती त्यांची 84 वर्षांची आई.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता
त्रिमूर्तीनगर, नागपूर