बसथांब्यावर भेटलेल्या आजींना

ती. आजींना,
सा. न.

जूनमधल्या त्या रविवारी जर्मनीत, मोझेल नदीकाठच्या पीसपोर्टच्या बसथांब्यापाशी तुम्ही गाडी थांबवून काच खाली केलीत, त्याला आता चार महिने होत आले. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं हे मी पाहिलंच नव्हतं. पुढची बस केव्हा येईल ठाऊक नाही, ऊन चढलेलं आणि सोबत सहासष्ट वर्षांचे माझे वडील, आबा. तुम्ही विचारलंत, "कुठे जायचंय?" मी म्हणाले, बेर्नकास्टल-कूस. मग तुमचं लक्ष आबांच्या हातांकडे गेलं आणि तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात, "हे शेती करतात का?"

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र. आबा म्हणाले, मराठीतच लिही. तुमची नात तुम्हाला फोनवर भाषांतर करून वाचून दाखवील, आणि मोझेलला येणाऱ्या आपल्या माणसांच्याही वाचनात येईल.

फ्रँकफुर्टहून निघताना माझी यादी तयार होती : कोखेमचा किल्ला, एल्त्सचा किल्ला, बोटीतून फेरी. आदल्या दिवशी ट्रिअर झालं होतं. तिथल्या काळ्या पडलेल्या रोमन वेशीसमोर आबांनी हात जोडले, पण ते रमले संग्रहालयात. नॉयमागेनला 1878 साली सापडलेलं ते दगडी जहाज, साधारण इ.स. 220 मधलं, वाइनच्या पिंपांनी भरलेलं. त्यातला एक नावाडी हसतोय. आबा म्हणाले, "माल विकला गेला असणार, म्हणून हसतोय." निफाडला द्राक्षाचा भाव ठरून व्यापाऱ्याची गाडी खळ्यात लागेपर्यंत कुणाच्या जिवाला स्वस्थता नसते, त्यामुळे त्यांना तो चेहरा ओळखीचा वाटला.

तुम्ही गाडी वळवून आम्हाला आधी चौथ्या शतकातल्या रोमन घाण्याकडे नेलंत. 1985 साली मळ्यांची फेरमांडणी करताना तो सापडला, हे तुम्ही सांगितलंत. द्राक्षं पायाने तुडवायचा हौद, रस उतरायचा हौद, वरचा लाकडी दाब. पाटीवरची माहिती मी आबांना वाचून दाखवत होते, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. कुठून ओतायचं, कुठून निथळायचं, हे तुम्ही दोघं हातवारे करून एकमेकांना सांगत होतात. मधे मी नसते तरी चाललं असतं.

मग तुमचा मळा. तो उतार बघून आबांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं, तेवढं तुम्हाला भाषांतराशिवाय कळलं. आमच्याकडे वेल तारांवर चढते, खोडाला ओलांडा म्हणजे आडवी फांदी, ओलांड्याला काड्या. तुमच्याकडे प्रत्येक वेलीला तिचा एकेक खांब, आणि दोन काड्या दोन्हीकडून वाकवून खाली बांधलेल्या. लांबून पाहिलं की बदामाचा आकार. आबांनी एक काडी बोटांनी चाचपली आणि विचारलं, मोडत नाही? तुम्ही म्हणालात, "कोरड्या दिवशी मोडते. पाऊस पडून गेल्यावर, हवेत ओल असताना वाकवायची."

मोहोर आलेला होता. त्याला वास असतो, हे आबांना चाळीस वर्षं माहीत आहे, पण आमच्याकडे फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणीच्या घाईत नाक कोण लावतं? तुम्ही एक घोस वर धरलात आणि दोघंही वाकलात. पायाखालची स्लेटची पाटी उचलून तुम्ही आबांच्या तळहातावर ठेवलीत, तवा उतरवून ठेवल्यासारखी ती गरम होती. दिवसभराचं ऊन हा दगड रात्री वेलीला परत देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला रीसलिंग जातीची द्राक्षं पिकतात. काही वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, हे ऐकून आबा किती वेळ गप्प होते! आमच्याकडे डॉगरिजसारख्या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय आता सहसा कुणी बाग लावत नाही.

कूसला तुम्ही सेंट निकोलाउस हॉस्पिटलच्या अंगणात नेलंत, ते आम्ही कधीच विसरणार नाही. एका नावाड्याचा मुलगा, 1401 मध्ये याच गावात जन्मलेला निकोलाउस, कार्डिनल झाला आणि 1458 मध्ये त्याने आपलं धन पन्नाशी उलटलेल्या 33 गरीब पुरुषांच्या आसऱ्यासाठी लावलं. येशूच्या आयुष्याची वर्षं तेहतीस, म्हणून तेवढे. चालवायचा खर्च द्राक्षमळ्यांवर. देह रोममध्ये पुरलेला, हृदय मात्र इथल्या चॅपलमध्ये. आजही तिथे वृद्ध राहतात. आबा वारकरी, गळ्यात माळ. त्यांनी त्या फरशीला हात लावून कपाळाला लावला. तुम्ही बाजूला सरकून उभ्या राहिलात, त्यांना हवा तेवढा वेळ दिलात.

बेर्नकास्टलच्या गल्लीतलं 1416 सालचं ते खाली अरुंद, वर फुगत गेलेलं लाकडी घर, चौकातलं कारंजं, हे सगळं सुंदरच, फोटोही भरपूर काढले. पण घरी आल्यावर आबा गावकऱ्यांना सांगतात ते तुमच्या तळघराबद्दल. भिंतीवरच्या पुराच्या रेघा. डिसेंबर 1993 ची रेघ आबांच्या डोक्याच्याही वर. मी त्यांना विचारलं, आठवलं का काही? ते म्हणाले, "सांग त्यांना, नाशिकला गोदावरीत दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या कुठवर आलं, त्यावरून आम्ही पूर मोजतो." तुम्ही मारुतीची उंची विचारलीत. आबांनी हात वर करून दाखवली.

आणि ग्लास. तुम्ही ओतायला घेतलं, तेव्हा आबांनी माळेला हात लावून मान हलवली. मी अवघडले होते. वाइन करणाऱ्या घरात बसून वाइनला नको म्हणायचं, कसं समजावायचं? तुम्ही काहीच विचारलं नाहीत. आत गेलात आणि न आंबवलेला द्राक्षरस घेऊन आलात, आणि आपलाही ग्लास त्याच बाटलीतून भरलात. आजी, तुमच्या घरची वाइन तुम्ही बाजूला ठेवलीत, माझ्या वडिलांसोबत रस प्यायलात. याचे आभार कोणत्या भाषेत मानायचे मला कळत नाही.

मी त्यांना युरोप दाखवायला आणलं होतं. इथे आल्यापासून ते सगळीकडे माझ्या मागे मागे चालत होते, दारं मी उघडायची, तिकिटं मी काढायची. तुमच्या मळ्यात ते पुढे होते आणि मी मागे.

सध्या आबा छाटणीत आहेत, काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायला माणसं आली आहेत. पण बांधाजवळची एक वेल त्यांनी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. तारेवरून सोडवून बाभळीच्या खांबाला बांधली. पहिली काडी वाकवताना मोडली. परवा परतीचा पाऊस येऊन गेला, लगेच जाऊन दुसरी वाकवली. ती टिकली आहे, हे तुम्हाला कळवायला त्यांनी सांगितलंय.

तुमची,
निफाडच्या आबांची मुलगी