रविवारचा गुणाकार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "अवयवच सापडले नाहीत, तर संख्या मूळ नाही हे कशावरून, बाबा?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून हूं हूं करून फोन ठेवला. आज रविवार, निवांत लिहितोय.

तुझी संख्या 2 चा 67 वा घात वजा 1, म्हणजे 147573952589676412927. एकवीस अंक! आपला परार्ध अठरा अंकांत आटोपतो, ही बया त्याच्याही पुढची. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं 1644 मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली, तीत ही मूळ आहे म्हणून सांगून टाकलं. (त्याच यादीत 257 वा घातही चुकला, आणि 61, 89, 107 राहूनच गेले.) 1876 मध्ये लूकास नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं ती मूळ नाही हे दाखवलं, पण अवयव एकही दिला नाही. तुझा राग इथेच आहे ना?

मी गुणाकाराला नऊचा ताळा घेतो, म्हणजे अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करून गुणाकार पडताळतो, ते तू लहानपणापासून बघतेस. ताळा जुळला नाही की हिशेब चुकला, तिथे वाद नाही. कुठल्या ओळीत चुकला हे मात्र ताळा सांगत नाही, ते आपण शोधायचं. लूकासची रीतही ताळाच आहे गं. तिचं आज वापरतात ते रूप 31 वर करून बघ. 31 म्हणजे 2 चा 5 वा घात वजा 1. सुरुवात 4 पासून. वर्ग करून 2 वजा केले की 14. पुन्हा तेच, 194. त्याला 31 नं भाग, बाकी 8. पुन्हा वर्ग, वजा 2, आले 62. 31 नं निःशेष भाग जातो. घात 5 म्हणून पायऱ्या तीन. शेवटी शून्य उरलं तर मूळ, नाहीतर नाही. 67 ला अशा 65 पायऱ्या, आणि शेवटी शून्य येत नाही.

अवयव मिळायला पुढे सत्तावीस वर्षं गेली. ऑक्टोबर 1903 मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक फळ्यापाशी गेले, एका बाजूला 2 चा 67 वा घात काढून 1 वजा केला, दुसरीकडे 193707721 गुणिले 761838257287 मांडलं, आणि दोन्ही उत्तरं जुळल्यावर अवाक्षर न बोलता जागेवर येऊन बसले, असं सांगतात. टाळ्यांचा कडकडाट झाला. तीन वर्षांचे रविवार गेले, असं ते म्हणाल्याचंही सांगतात. अंधारात गोळ्या मारत नव्हते हं ते: या संख्येच्या कुठल्याही अवयवाला 134 नं भागलं की बाकी 1 च उरते, त्यामुळे बाकीच्या संख्या आपोआप गळतात. टाळ्या कोलना मिळाल्या, पण मला विचारशील तर मी लूकासच्या बाजूचा.

तोच गुणाकार आज मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे केला. आठ ओळी, हातचे सांभाळत. नऊचा ताळा जुळला, म्हणून आईला चहा टाकायला सांगितला. मग कोलच्या आकड्याशी ताडून बघतो तर बेरीज उतरवताना 64 चे 46 झालेले! अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्यात कधीच सापडत नाही, आणि मी इतकी वर्षं खतावणी लिहितोय. मग अकराचा ताळा घेतला (उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा), तो लगेच अडला.

दुरुस्त केलेला कागद सोबत पाठवतोय. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, तूही एकदा अकराचा घेऊन बघ.

तुझा,
बाबा