फरारबाईंचीही आठवण व्हावी

महोदय,

३ जानेवारीला आमच्या सीमाभागातल्या मराठी शाळांत सावित्रीबाईंची जयंती मनापासून साजरी होते. पण सिंथिया फरार हे नाव खानापूर-निपाणीकडच्या भाषणांत मला क्वचितच ऐकू आले. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या या अविवाहित बाई १८२७ मध्ये मिशनतर्फे मुंबईत आल्या, मराठी शिकल्या आणि मुलींच्या शाळा चालवू लागल्या. मुलीने पाटी हातात धरणेही तेव्हा घरच्यांना नको असे. प्रकृती ढासळल्याने त्या मायदेशी गेल्या, तरी परतल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला राहिल्या. तिथली त्यांची शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली. १८६२ मध्ये नगरलाच त्यांचे निधन झाले.

धर्मप्रचार हा त्यांचा हेतू होताच, तो लपवू नये. त्याने त्यांच्या शिकवण्याचे मोल उणावत नाही. बेळगावातही लंडन मिशनचे काम १८२० पासूनचे. त्यातल्या किती स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? येत्या जयंतीला शिक्षकांनी फरारबाईंवर दहा मिनिटे तरी बोलावे आणि इथल्या जुन्या चर्चच्या नोंदींतून बेळगावात शिकवलेल्या बायकांचाही शोध घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)