ताई, त्या तीन आठवड्यांबद्दल थँक्यू

प्रिय ताई,

हे तुला मेसेजमध्येच पाठवणार होते, पण मग वाटलं उघडच लिहावं, कारण दर थोड्या दिवसांनी फायनल इयरचं कोणीतरी मला विचारतं की फिजिक्स करून पुढे काय, आणि मी दरवेळी तुझीच गोष्ट सांगते. तर एकदाची नीट लिहून ठेवते, तुझं नाव न घेता. लांबणार आहे, सांभाळून घे.

तुला आठवत असेल मी तेव्हा कशी होते. एमएस्सीचा निकाल लागलेला, मार्क बरे, पीएचडीचे दोन इंटरव्ह्यू देऊन दोन्हीकडे नकार. आमच्या एका सरांनी वर्गात सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं, की फिजिक्सवाल्याला दोनच दारं, रिसर्च नाहीतर शिकवणं, बाकीचे सगळे वाट चुकलेले. इंजिनिअरिंग केलेल्या मैत्रिणींच्या डिग्रीचं आणि नोकरीचं नाव साधारण एकच असायचं. 'फिजिसिस्ट पाहिजे' अशी जाहिरात मात्र कुठे दिसते का? मी रोज सर्चमध्ये फिजिक्स टाकायचे, त्याच चार जागा यायच्या, लॅपटॉप बंद करायचे आणि पडून राहायचे.

आपली ओळख तरी काय होती गं, लॅबमधल्या लॉक-इन अँप्लिफायरवर, म्हणजे बारीक सिग्नल मोजायच्या यंत्रावर, तुझ्या अक्षरातली 'सेटिंग बदलू नका' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, तेवढीच. तू पीएचडी संपवून कधीच चिप इंडस्ट्रीत गेली होतीस. मी भीत भीत सीव्ही पाठवला, आणि तू त्याच रात्री व्हिडिओ कॉल लावलास.

सीव्हीत मी लिहिलं होतं फोटोल्युमिनेसन्स स्पेक्ट्रोस्कोपी, थिन फिल्म्स, पायथन, क्वांटम मेकॅनिक्समध्ये ए ग्रेड वगैरे. तू ते नुसतं खाली स्क्रोल केलंस आणि विचारलंस, प्रोजेक्टला सहा महिने दिलेत, मग ग्राफ फक्त शेवटच्या दोन महिन्यांचे कसे? मी म्हटलं मधले तीन आठवडे तर नुसतेच वाया गेले, सिग्नल स्थिर राहत नव्हता. तू म्हणालीस, तेच सांग.

मग मी सांगितलं. दर वीसेक मिनिटांनी सिग्नल खाली जायचा आणि परत वर यायचा. आधी वाटलं सॅम्पल खराब आहे, तीन नवीन बनवले, तेच. मग लेझरवर संशय घेतला, त्याची पॉवर वेगळी मोजली, ती सरळ. एका रविवारी लॅबमध्ये एकटीच होते, एसी लावायचा राहून गेला, आणि ग्राफ एकदम सपाट आला! एसीची गार हवा थेट एका आरशाच्या माउंटवर येत होती आणि तो माउंट केसभर हलत होता, बस एवढंच. मी एका खोक्याचा पुठ्ठा कापून त्याच्याभोवती आडोसा केला, टेपने चिकटवला, आणि काम झालं. रिपोर्टमध्ये यावर एक ओळ होती. सीव्हीत शून्य.

तू हसत सुटलीस. म्हणालीस, "अगं वेडे, लोक पगार देतात तो याच्यासाठी. तू जी लपवलीस तीच तुझी डिग्री आहे."

मला तेव्हा हे नुसतं गोड बोलणं वाटलं, खरं सांगते. पण मग तू फिजिक्स करून वेगवेगळी कामं करणाऱ्या सहा जणांचे फोन नंबर दिलेस आणि एक अट घातलीस. 'स्कोप काय आहे' असं कोणालाही विचारायचं नाही, पॅकेज तर अजिबातच नाही, फक्त विचारायचं की काल दिवसभर नक्की काय केलंत.

हा प्रश्न म्हणजे जादू आहे गं. स्कोप विचारला की माणूस भाषण देतो, काल काय केलं विचारलं की खरं बोलतो.

पहिला फोन तुझ्याच लाइनमधल्या माणसाला केला. सुरुवात त्यांनी भारी गोष्टींनी केली, म्हणजे सगळ्यात बारीक चिप्सवरची नक्षी छापायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो, तो हवेतच शोषला जातो म्हणून सगळं व्हॅक्यूममध्ये आणि लेन्सऐवजी आरसे, आणि तो प्रकाश तयार करायला वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने लेझरने उडवायचे. मी आ वासून ऐकतेय. आणि काल? काल दिवसभर एक थर जाड का येतोय ते शोधत बसले होते, संध्याकाळी कळलं की चेंबर साफ केल्यावर पहिल्या काही वेफर्सवरच, म्हणजे चिप ज्यावर बनतात त्या चकत्यांवरच, तसं होतंय. म्हणजे माझा पुठ्ठाच की, फक्त जरा महागातला.

बँकेतले थिअरीवाले होते. त्यांनी सांगितलं ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काची, किंमत काढायचं १९७३ चं ब्लॅक-शोल्स समीकरण घे, व्हेरिएबल बदल, खालून आपलं उष्णता कशी पसरते त्याचं हीट इक्वेशनच निघतं, मी रात्री बसून करून पाहिलं आणि खरंच निघालं. पण काल त्यांनी हीट इक्वेशनला हातही लावला नव्हता. डेटामध्ये एक तारीख दोनदा आली होती ती शोधण्यात दुपार गेली, आणि मग मॉडेल असं का म्हणतंय हे गणित न येणाऱ्या लोकांना समजावण्यात दोन तास. वर मला चांगलंच सुनावलं की तुम्हा फिजिक्सवाल्यांचा कोड एकदाच चालतो आणि फक्त लिहिणाऱ्यालाच कळतो, आधी कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट शिक, डेटाबेससाठी एसक्यूएल शिक, टेस्ट लिहायला शिक, मग डेटा सायन्सच्या गप्पा मार. लागलं मला, पण खरं होतं. माझ्या प्रोजेक्टच्या फायलीचं नाव 'फायनल नवीन शेवटचं ३' होतं.

हवामानवाल्या बाईंशी सगळ्यात जास्त वेळ बोलले. त्यांनी रिचर्डसनची गोष्ट सांगितली, तू ऐकली असशील. या माणसाने पहिल्या महायुद्धात अँब्युलन्सवर काम करता करता हाताने गणितं करून सहा तासांचा अंदाज काढला, १९२२ मध्ये पुस्तकात छापला, आणि उत्तर आलं की हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढणार! प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. चूक असूनही त्याने ते छापलं हेच मला फार आवडलं. पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या आकड्यांतला गोंधळ नडला. या बाईंचं कामही तेच, मॉडेलला खायला देण्याआधी कुठलं ऑब्झर्वेशन खरं आणि कुठलं खोटं ते ठरवायचं. काल त्यांनी समुद्रातला एक बॉय, म्हणजे मोजमापं पाठवणारा तरंगता गोळा, बाद केला होता, कारण तो दिवसभर एकच तापमान पाठवत होता.

पेटंटवाल्यांबद्दल थोडक्यात. वाचणं, वाचणं आणि लिहिणं. आइन्स्टाइन १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट ऑफिसमध्ये होता हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं, बहुतेक सगळ्यांना सांगत असावेत. ज्याला वेगवेगळ्या गोष्टी समजून घ्यायला आवडतात पण स्वतः प्रयोग करायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी मस्त काम. मला जमलं नसतं.

आणि मग हॉस्पिटलमधल्या मेडिकल फिजिसिस्ट. असं काही पद असतं हेच मला माहीत नव्हतं, पाच वर्षं फिजिक्स शिकूनही! त्या म्हणाल्या फोनवर काय सांगू, सकाळी पेशंट यायच्या आधी ये आणि बघ.

कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन, लिनॅक म्हणतात त्याला, जाड भिंतींच्या खोलीत. त्यांनी रेडिएशन मोजणारा एक पेनाएवढा आयन चेंबर काढला, तो फँटममध्ये, म्हणजे पेशंटच्या शरीराऐवजी वापरायच्या ठोकळ्यात ठेवला, बाहेर येऊन बीम चालू केला, रीडिंग घेतलं. मग थर्मामीटर आणि बॅरोमीटर बघितला. मी विचारलं हे कशाला? त्या म्हणाल्या चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली असते, खोली गरम झाली की आत रेणू कमी, रीडिंग कमी. २० डिग्रीला कॅलिब्रेट केलंय आणि आज २३ आहे, म्हणजे १ टक्का गेला. दुरुस्ती केली नाही तर तुला वाटेल मशीन कमी देतंय, तू ते वाढवशील, आणि पेशंटला जास्त जाईल. ठरलेल्या डोसच्या ५ टक्क्यांच्या आतच राहायचं अशी मर्यादा धरतात आणि सगळ्या बारीकसारीक चुका मिळून त्यातच बसवायच्या असतात.

ताई, अकरावीतला गॅस लॉ गं तो! मी तिथेच उभी राहून रडकुंडीला आले. तापमानामुळे हललेलं रीडिंग, अगदी माझंच.

चहा घेताना त्यांनी कॉर्मॅकबद्दल सांगितलं. हे केपटाऊनमध्ये फिजिक्स शिकवायचे, १९५६ मध्ये तिथल्या हॉस्पिटलला फिजिसिस्टची गरज होती म्हणून आठवड्यातून दीड दिवस जायला लागले. तिथे बघितलं की रेडिएशनचं प्लॅनिंग करताना शरीर आतून सगळीकडे एकसारखंच आहे असं धरतात. मग हाड कुठे, फुप्फुस कुठे, एक्स-रे कुठे किती शोषले जातात हे बाहेरून काढता येईल का, याचं गणित मांडलं, १९६३-६४ मध्ये पेपर छापले, आणि कोणी फारसं ढुंकूनही पाहिलं नाही. १९७९ ला सीटी स्कॅनसाठी हाउन्सफील्डबरोबर नोबेल, तेही मेडिसिनचं. आता सांग, या माणसाला वाट चुकलेला म्हणायचं का?

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, एमएस्सी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी मेडिकल फिजिसिस्ट होता येत नाही, वेगळा कोर्स आणि हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग करावं लागतं. मी केलं. इंटरव्ह्यूमध्ये माझी क्वांटमची ए ग्रेड कोणी काढलीसुद्धा नाही, पुठ्ठ्यावर मात्र पंधरा मिनिटं गेली. सॅम्पलनंतर लेझर का तपासला, एसीच कारण आहे हे कशावरून, परत एसी लावून बघितलं का? लावून बघितलं होतं, नशीब.

आता एक कबुली द्यायचीये. सहावा नंबर शाळेत फिजिक्स शिकवणाऱ्या सरांचा होता आणि मी तुला सांगितलं होतं की फोन लागला नाही. मी केलाच नव्हता. त्या दोन दारांपैकी एक पीएचडीचं बंद झालं होतं आणि दुसऱ्यातून गेले तर हरले असंच वाटत होतं, म्हणून तिकडे बघायचंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात केला. इतक्या वर्षांनी. तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले काल दोन पोरींचा पेंडुलमवरून काढलेला गुरुत्वाकर्षणाचा 'जी' १०.९ येत होता आणि त्या आकडा बदलून ९.८ लिहायला निघाल्या होत्या. सरांनी लिहू दिलं नाही आणि चूकही सांगितली नाही, नुसतं बसून मोजताना बघत राहिले. पोरी घड्याळ चालू करतानाच 'एक' म्हणत होत्या, त्यामुळे वीस म्हणताना प्रत्यक्षात झोके एकोणीसच व्हायचे. ते त्यांचं त्यांना सापडायला पूर्ण तास गेला, पुढचा धडा राहिला, आणि सर फोनवर इतके खूश की मला मध्ये बोलताच येईना.

शेवटी म्हणाले, तू तेव्हाच फोन करणार होतीस ना, मी महिनाभर वाट बघितली, मग तिला विचारलं तर ती म्हणाली की करेल कधीतरी.

म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं?

तुझी,
पुठ्ठेवाली