राधानगरीहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं जमणार नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात.

पुण्याच्या कंपनीतली नोकरी घेणार नाही, असं मी त्यांना कळवलं आहे. इथल्या संस्थेतली, मुलांना निसर्ग शिकवायची इंटर्नशिप मार्चअखेर संपणार होती, ती वर्षभर वाढवून घेतली. विचारून नाही, ठरवून सांगते आहे, याचं बाबांना वाईट वाटणार हे ठाऊक आहे. पण रागाच्या भरात किंवा हट्टाने ठरवलेलं नाही. दाजीकाकांच्या वेळी जे झालं ते मी विसरलेले नाही. हे तसं नाही, बाबा. शिक्षणाचं कर्ज फिटलं आहे. राहायला खोली संस्थेची आहे, मानधनात महिना नीट निघतो आणि राजारामपुरीतल्या बँकेतली एफडी मी मोडलेली नाही. वर्षाने नोकरी शोधायची वेळ आली तर हे काम माझ्या बाजूनेच बोलेल. आत्याने विचारलं तर सरळ सांगा, मनू शिकवते आहे. ते खरंच आहे.

मी काय शिकवते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आठवी-नववीची मुलं आहेत, आसपासच्या वाड्यांवरची. त्यांना मी 'हे वाचवा, ते वाचवा' असं सांगत नाही. प्रत्येकाने घराजवळचं एक झाड धरायचं आणि त्यावर कोण आलं, किती वाजता आलं, काय खाल्लं, ते वहीत लिहायचं. सुरुवातीला वह्यांत नुसते कावळे आणि साळुंक्या होत्या. आता एकाच उंबरावर हरोळ्या, कुटुर्गे, बुलबुल आणि धनेश अशा नोंदी येतात. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला पक्षी सप्ताह झाला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेव्हा मुलांनी या वह्या गावासमोर वाचल्या. शाळेत कधी तोंड न उघडणारी एक मुलगी चावडीपुढे उभी राहून धनेशाबद्दल बोलली आणि म्हातारी माणसं मान डोलावत ऐकत होती. आई, तू तिथे हवी होतीस.

त्याच मुलीच्या घरच्या रानात एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत राखी धनेशाची जोडी घरटं करते. धनेशाला स्वतः झाड कोरता येत नाही, त्याला म्हाताऱ्या झाडाची आयती ढोलीच लागते. मादी आत शिरते, आपल्याच विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग नर दिवसभर उंबराची, नांद्रुकाची फळं गिळून आणतो आणि फटीतून एकेक भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत हे असंच चालतं. त्या फळांच्या बिया तो रानभर टाकत हिंडतो, म्हणजे पुढचं रानही तोच पेरतो.

बाबा, तुम्ही म्हणालात की हे बघायला सरकार आहे. अभयारण्य १९५८ पासून आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत राधानगरीही आली. पण हा बेहडा हद्दीबाहेर, मालकीच्या रानात आहे. व्यापारी येऊन भाव सांगून गेला आहे. मुलीच्या वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. त्यांच्याही घरात खर्च आहेत, त्यांना उपदेश करणारी मी कोण? पण मी आणि मुलं रोज तिथे बसतो, तेही कधीमधी येऊन बसतात. मार्चअखेर मी निघाले असते तर मादी ढोलीत बंद असतानाच निघाले असते. ते माझ्याने झालं नसतं.

बाबा, तुम्ही सांगायचात ना, आजोबांच्या गावी मेलेलं जनावर माळावर टाकलं की दुपारपर्यंत गिधाडं हाडं मोकळी करायची, आणि मग ती एकदम दिसेनाशी झाली. ते कशाने झालं हे मी या मुलांना शिकवते. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचायचे, ते जनावर मेलं की त्याचं मांस गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. मुलं घरी जाऊन आता विचारतात, म्हशीला कुठलं इंजेक्शन दिलं? तुमची ती गोष्ट इतकी वर्षं माझ्यात राहिली होती.

माझी काळजी करू नका. खोली पक्की आहे, दाराला आतून कडी आहे, न्हाणीघरात चुलीवरचं कढत पाणी मिळतं. शेजारच्या काकू नाचणीची भाकरी आणि आमटी देतात, त्यांच्या हाताला तिखट आपल्याइतकंच आहे. तरी आई, कांदा-लसूण मसाला संपत आलाय. जंगलात मी एकटी कधीच जात नाही, वनखात्याचा माणूस बरोबर असतो आणि गवा दिसला की आम्ही मागे फिरतो. पावसात जळवा असतात, पण त्यांनी काही होत नाही, मिठाची पुरचुंडी जवळ असते.

रविवारी बाबा मला खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर न्यायचे आणि आई मागून स्वेटर घेऊन धावत यायची. पाण्यातल्या त्या काळ्या पक्ष्याच्या कपाळावर पांढरा टिळा कोणी लावला, असं मी विचारायचे. तो चांदवा होता. तुम्हालाही नाव ठाऊक नव्हतं, पण तुम्ही मला हवा तितका वेळ उभं राहू द्यायचात. मला अजूनही तसंच उभं राहावंसं वाटतं, आणि तुम्ही दोघं जवळ नसलात की रडू येतं.

आता ऐका. आई, देवळात पहाटे जाताना रिक्षाने जायचं, गुडघा बरा वाटला तरीही. पायरीवर बसून आरती ऐकलीस तरी अंबाबाई रागावणार नाही. बाबा, गुऱ्हाळावरून आणलेला गूळ ही साखरच असते. चहात तो घालायचा नाही आणि काकवी भाकरीबरोबरही नाही. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, आठवण झाली की नव्हे. मोतीबिंदू आता पुढे ढकलायचा नाही. ऑपरेशन झालं की आठवडाभर मी घरी राहून तुमच्या डोळ्यांत थेंब घालणार आहे, इथे तसं सांगून ठेवलं आहे. दादाला घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, तारीख घ्या आणि मला कळवा, म्हणजे मी रजा पक्की करते.

तुमची,
मनू