फाकलेल्या पायांच्या पिल्लाबद्दल

सांगली,
९ सप्टेंबर

प्रिय अरविंद,

काल रात्री तू पाठवलेला फोटो तीनदा मोठा करून पाहिला. तुझ्या बजीचं, म्हणजे त्या छोट्या पाळीव पोपटाचं, पिल्लू पोटावर सपाट पसरलंय आणि दोन्ही पाय बेडकासारखे बाजूला फाकलेत. खाली तुझं एकच वाक्य: ‘जन्मतःच अधू दिसतंय, राहील तेवढं राहील.’ अरे, असं सोडून देऊ नकोस! डोळे नुकते उघडलेले दिसतात, म्हणजे दहा-अकरा दिवसांचं असेल. हाडं अजून कोवळी आहेत. आत्ता पाय बांधलेस तर आठवड्याभरात पुष्कळ फरक पडेल. ३०-३५ दिवसांचं होऊन ते घरट्याच्या पेटीबाहेर यायला लागलं, की मग बांधून काही उपयोग नाही.

एवढं ठासून सांगतोय, कारण माझ्या हातून एक पिल्लू असंच वाया गेलंय. आपण दोघंही पूर्वी बजींना घरट्यासाठी मडकी टांगायचो, आठवतं? मग मला सुधारणेची हुक्की आली. प्लायवूडची छान पेटी करून घेतली आणि स्वच्छ राहावी म्हणून आत काहीच घातलं नाही. मडक्याचा तळ खोलगट, त्यात पिल्लाचे पाय आपसूक पोटाखाली येतात. सपाट प्लायवर नखांना पकडच मिळेना. त्यात पिल्लू एकुलतं एक, त्यामुळे ऊब द्यायला बसलेल्या आईचा सगळा भार त्याच्यावर. ‘मोठं होईल तसं सुधारेल’ म्हणत मी दोन आठवडे काढले. ते उडायला शिकलं, पण दांडीवर त्याला कधी बसता आलं नाही. दाण्यांच्या वाटीशेजारी पोटावर बसून खायचं. घरातले म्हणायचे, किती शांत आहे बघा!

तर आज संध्याकाळीच हे कर. वहिनींना मदतीला घे, एकट्याने जमत नाही. मेडिकलमधून कागदी चिकटपट्टी आण, मायक्रोपोर म्हणतात ती. तिची अर्धा सेंटीमीटर रुंदीची पट्टी काप. वहिनींनी पिल्लू मऊ रुमालात उताणं धरायचं, छाती मात्र दाबायची नाही, त्याचा श्वास छातीच्या हालचालीवरच चालतो. बोटांच्या वर जी बारीक काडीसारखी नडगी दिसते, तिच्याभोवती सैलसर वेढा दे, तसाच दुसऱ्या पायाला, आणि मधली पट्टी तिच्या स्वतःवरच चिकटवून टाक. झाली बेडी. दोन पायांत अंतर किती ठेवायचं? फोटोतल्या थोरल्या पिल्लाकडे बघ, ते उभं राहतं तेव्हा पाय बरोबर अंगाखाली असतात. तेवढंच. पाय एकमेकांना चिकटवून बांधलेस तर ते तोंडावर पडेल.

बांधल्यावर तासाभराने बोटं बघ. गुलाबी आणि कोमट असली तर ठीक. सुजली, गार पडली किंवा निळसर झाली तर पट्टी लगेच कापून पुन्हा सैल बांध. या वयात पिल्लू रोज वाढतं, म्हणून दर दोन दिवसांनी पट्टी बदलायचीच. गळ्याखालची पिशवी भरलेली आहे ना, तेही सकाळ-संध्याकाळ पाहा. बेडी बघून आई-बाप बिचकले तर भरवणं थांबू शकतं. एखादी आई पट्टी कुरतडून काढते, तेव्हा चिडू नकोस, पुन्हा बांध. आणि पेटीत आजच दोन बोटं जाड भुसा पसर, सुताराकडे रंधा मारताना निघतो तो जाडसर. करवतीचं पीठ नको, ते नाकात जातं.

पाय लोंबत असेल किंवा सांध्याला हात लावताच पिल्लू ओरडत असेल, तर मात्र बांधाबांध न करता पक्ष्यांचे डॉक्टर गाठ. हाड मोडलेलं असू शकतं.

आता दुसरी गोष्ट, जी तू लिहिलीच नाहीस. थोरल्या पिल्लाच्या डाव्या पायाच्या बोटावर काळा गोळा दिसतोय. ती वाळलेली विष्ठा आहे, आतलं नख त्यात अडकलंय. नखाने उकरून काढायचा मोह होईल, मला झाला होता. ओढला, तर गोळ्याबरोबर नखही हातात आलं. पस्तीस ग्रॅमच्या जिवात रक्त ते किती, जेमतेम तीन मिली. तीन-चार थेंब पडले तरी माझा जीव वरखाली. कॉर्नफ्लोअर दाबून धरलं तेव्हा थांबलं. म्हणून वाटीत कोमट पाणी घे, पाय पाच-दहा मिनिटं बुडव, गोळा मऊ झाला की बोटाने चोळून काढ, पुसून कोरडा कर आणि मगच पेटीत ठेव. ओलं पिल्लू गारठतं.

समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवलायस ना? नुसते राळे आणि बाजरी खाऊन घातलेल्या अंड्यांत आईचं कॅल्शियम संपतं, आणि पिल्लांची हाडं मऊच राहतात. सकाळचं कोवळं ऊनही पिंजऱ्यावर येऊ दे, अर्धी सावली ठेवून. हाडांसाठी काचेआडचं ऊन कामाचं नाही. घरट्यात कापूस किंवा गोणपाटाचे धागे घातले असशील तर काढून टाक, बोटाभोवती वळसा बसला की दोन दिवसांत बोट काळं पडतं. गुळगुळीत दांड्याही बदल. पेरूच्या जाड-बारीक फांद्या लाव, पिल्लं बाहेर यायच्या आत.

नख गेलेला माझा तो बजी अजून आहे. एका बोटाला नख नसूनही सगळ्यात वरची फांदी त्याचीच.

पट्टी बांधून झाली की फोटो पाठव. वरून नको, उताणं धरून. मला बोटांचा रंग दिसला पाहिजे.

तुझा,
विनू